मागे काय ठेवायचे

कडोली गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. अशा कार्यक्रमाचा फलक आज संगणकावर थराथराने रचतात: तळाला रंग, त्यावर चित्र, मग छायाचित्रे आणि सर्वांत वर अक्षरे. एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे हे लेयर असतात. खालच्याला धक्का न लावता वरचा सरकवता येतो, फिका करता येतो, लपवताही येतो. फोटोशॉपमध्ये ही सोय 1994 साली आली. पण सोय हाती आली म्हणून कला साधत नाही. थरांची कला आहे ती मागे काय ठेवायचे, हे ठरवण्यात.

थर संगणकाआधीही होते. चित्रकार राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा रंगीत चित्र दगडांवरून छापत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि कागद मात्र तोच. एखादा दगड किंचित सरकला, की ओठांचा रंग ओठांबाहेर जाई. त्यांची कमळावर उभी असलेली लक्ष्मी आठवा. शेजारी हत्तीसारखा प्रचंड प्राणी आहे, तरी नजर आधी देवीकडे जाते. हत्ती, पाणी, झाडी यांना त्यांच्या जागी दबून राहायला लावले आहे. चित्राला खोली येते ती त्यामुळे.

कोणी म्हणेल, दगडावर चूक परवडत नव्हती म्हणून तिथे विचार होता. संगणकावर सगळेच मागे घेता येते, मग निर्णयाला किंमत काय राहिली? मला हे पटत नाही. पूर्वीची शिस्त दगड लावत असे, आता ती रचनाकाराला स्वतःला लावून घ्यावी लागते, आणि हे अधिक अवघड आहे. शिवाय एकदा फलक छापला, की सारे थर एकाच कापडावर कायमचे बसतात. चौकातल्या गजबजलेल्या फ्लेक्सचा दोषही लेयरवर टाकता येत नाही. तिथे थर भरपूर असतात, पण प्रत्येक चेहरा तितकाच ठळक, प्रत्येक नावाला तितकीच जाड किनार. मागे जायला कोणी तयारच नसते.

म्हणून पुढच्या वेळी फलकासमोर उभे राहाल तेव्हा एकेक गोष्ट मनातल्या मनात पुसून पाहा. काही पुसल्यावर उणे वाटेल, काही पुसल्यावर मोकळे वाटेल. संमेलनाध्यक्षांचे नाव आधी वाचले गेले आणि त्यामागची ग्रंथदिंडी सावकाश नजरेत आली, तर त्या रचनाकाराला मनापासून दाद द्या.