दूरध्वनीवरील पाहणी आणि न मोजलेले श्रम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पाहणीतील आकडे जणू तयारच असतात आणि पाहणी करणारा ते केवळ गोळा करून आणतो, असा एक समज आहे. वस्तुतः प्रत्येक आकड्यामागे दोन माणसांचा संवाद असतो. दूरध्वनीवर तर या संवादाला आवाजाखेरीज दुसरा आधार नसतो.

2020 च्या टाळेबंदीनंतर केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीतील शहरी कुटुंबांच्या पुनर्भेटी मुख्यतः दूरध्वनीवरून झाल्या. घरी गेलेल्या मुलाखतकाराला कोपऱ्यातील सूप, तंबाखू आणि तेंदूची पाने दिसतात. दूरध्वनीवर फक्त उत्तर ऐकू येते. सोलापूरची विडी कामगार स्त्री 'काम करता का?' या प्रश्नाला 'नाही, घरीच असते' असे सहज म्हणू शकते. तिच्या लेखी काम म्हणजे बाहेरची नोकरी. पाहणीच्या व्याख्येत मात्र घरी बसून हजार विड्यांमागे मिळवलेली मजुरी हेही कामच. मुलाखतकार तेथेच थांबला, तर तिची नोंद घरकामाच्या रकान्यात होते आणि ती श्रमशक्तीच्या बाहेर पडते.

सर्वांना एकाच शब्दांत प्रश्न विचारावा, स्वतःचे काही जोडू नये, हा पाहणीशास्त्रातील जुना दंडक. तो निरर्थक नाही. मुलाखतकाराने उत्तर सुचविले, तर उत्तरदाता भिडेखातर होकार देतो. परंतु शब्द समान असले म्हणजे अर्थही समान असतो, असे नव्हे. अमेरिकेत मायकेल शोबर व फ्रेडरिक कॉनराड यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेला दूरध्वनी-मुलाखतींचा प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. उत्तरदात्यांना काल्पनिक प्रसंग दिलेले असल्याने अचूक उत्तर आधीच ठाऊक होते. सोप्या प्रसंगांत दोन्ही पद्धतींची उत्तरे जवळजवळ अचूक आली. व्याख्येशी सहज मेळ न बसणाऱ्या प्रसंगांत मात्र ठरीव पद्धतीने सुमारे 28 टक्के, तर व्याख्या समजावून देण्याची मुभा असताना सुमारे 87 टक्के उत्तरे अचूक आली. अर्थात त्यासाठी तिपटीहून अधिक वेळ लागला.

हा वेळ म्हणजेच खर्च. मुलाखतकाराला प्रशिक्षण, पुरेसे वेतन आणि सवड दिल्यावाचून खरी माहिती मिळणार नाही. जी स्त्री आकड्यांत कामगारच नाही, तिच्या किमान वेतनाची आणि भविष्य निर्वाह निधीची मागणी दुबळी ठरते. म्हणून कार्यकर्त्यांनी आकडेवारी झिडकारू नये. मात्र आकडा उद्धृत करण्यापूर्वी प्रश्न कोणी, कोणाला आणि कसा विचारला, हे अवश्य तपासावे. वस्तीत स्वतः पाहणी करतानाही 'काम करता का?' एवढ्यावर न थांबता 'काल दिवसभर काय केले?' असे विचारावे.