आभार मानल्यानं तब्येत सुधारते का?



मराठी माणसांचा कुठलाही कार्यक्रम घ्या, आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी असतं. तोपर्यंत अर्धे लोक चहाच्या रांगेत पोचलेले असतात. घरात तर आपण आभार मानतच नाही. आईनं ताट वाढल्यावर ‘थँक्यू’ म्हटलं, तर ती विचारेल, “मी काय परकी आहे का?” अशा आपल्यासारख्यांना अमेरिकेत आल्यावर ‘ग्रॅटिट्यूड जर्नल’ भेटतं. रोज रात्री वहीत चांगल्या गोष्टी लिहा, मन प्रसन्न राहील, रक्तदाब उतरेल, आयुष्य वाढेल! यातलं खरं किती, ते आज पुराव्यानिशी बघू.

माझं काम औषधांच्या चाचण्यांमधली आकडेवारी तपासण्याचं. त्यामुळे ‘अमुक केल्यानं फायदा होतो’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो : कुणाच्या तुलनेत?

या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांचा, 2003 सालचा. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटानं दर आठवड्याला कृतज्ञता वाटावी अशा पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं पाच कटकटी, तिसऱ्यानं नुसत्या पाच घटना. दहा आठवड्यांनी पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी होता, त्याच्या शारीरिक तक्रारी कमी होत्या, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा तो आठवड्याला जवळजवळ दीड तास जास्त व्यायाम करत होता. याच संशोधकांनी स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या 65 जणांना 21 दिवस रोज असं लिहायला लावलं. त्यांची झोप वाढली आणि सकाळी उठल्यावर त्यांना अधिक ताजंतवानं वाटू लागलं.

आता माझा प्रश्न. दहा आठवडे कटकटींची यादी करणाऱ्या माणसाशी तुलना केली, तर कुणीही सुखीच दिसेल! पुढच्या काळात अनेक प्रयोगांमध्ये अधिक कडक तुलना झाली. 2020 च्या सुमारास अशा 27 प्रयोगांचा, म्हणजे 3,675 लोकांचा, एकत्रित आढावा घेतला गेला. नैराश्य आणि चिंता यांच्यावर कृतज्ञतेच्या व्यायामांचा परिणाम होतो, पण तो लहान असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्याला नैराश्याचा आजार आहे त्याच्या हातात वही देऊन ‘चांगलं बघायला शीक’ म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. वही हा उपचाराला पर्याय नाही.

आयुष्य वाढतं का? 2024 मध्ये अमेरिकेतल्या 49,275 निवृत्तीच्या वयातल्या परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं 79. ज्यांच्यात कृतज्ञतेची भावना सर्वाधिक होती, त्या गटात पुढच्या तीन-चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी कृतज्ञ गटापेक्षा 9 टक्क्यांनी कमी निघालं. आधीचे आजार, आर्थिक स्थिती वगैरे हिशोबात धरूनही. आकडा आकर्षक आहे, पण हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. कृतज्ञतेमुळे आयुष्य वाढलं, की आणखी कशामुळे दोन्ही वाढलं, हे त्यातून ठरत नाही.

मग हाती काय उरतं? मला सर्वांत पटणारा दुवा झोपेचा आहे. 2009 च्या एका ब्रिटिश अभ्यासात 401 लोकांना, झोपण्यापूर्वी डोक्यात काय चालतं, हे विचारलं होतं. कृतज्ञ स्वभावाच्या माणसांच्या मनात त्या वेळी काळज्या कमी आणि बरे विचार जास्त असतात, आणि त्यांची झोपही चांगली असते, असं दिसलं. व्हिसाचं काय झालं, मुलाला कॉलेज मिळेल का, आईचा फोन का आला नाही, ही चक्रं रात्री अकरानंतर कशी फिरतात हे इथे कुणाला सांगायला नको. मन एका वेळी एकच दळण दळतं. जात्यात काय टाकायचं, हे थोडंफार आपल्या हातात असतं. फायदा लहान, पण औषध फुकट आणि दुष्परिणाम नाहीत.

दुष्परिणाम खरंच नाहीत? इथे गोष्ट आपल्याशी येऊन भिडते. 2017 मध्ये गोरे अमेरिकन आणि भारतीय यांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कृतज्ञतेबद्दल लिहिल्यावर भारतीयांमध्ये खिन्नता आणि अपराधी भावनाही वाढल्याचं त्यात आढळलं. मला याचं नवल वाटलं नाही. आपल्या भाषेत उपकार ‘फेडायचे’ असतात, आईबापांचे पांग ‘फेडायचे’ असतात. आपली कृतज्ञता कर्जाच्या वहीत लिहिलेली असते. त्यात समुद्रापलीकडे राहणाऱ्यांची फेड बहुधा पैशांत होते, आणि पैसे पाठवूनही बाकी शून्य होत नाही.

माझंच उदाहरण देते. आमची आई सांगलीला दादा-वहिनींकडे असते. तिचं इन्सुलिन, तिचं पथ्य, तिचे रुसवे-फुगवे, सगळं वहिनी बघते. मागच्या वर्षी मी वहिनीला एक पत्र लिहिलं. ‘तुझे उपकार कसे फेडू’ असलं काही नाही. ती रोज काय काय करते, ते एकेक करून लिहिलं. पत्र पोचल्यावर तिचा फोन आला, “अगं, तू बरी आहेस ना? असं का लिहिलंयस?” दोन दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी म्हणाली, “आभार राहू देत. पुढच्या खेपेला तीन आठवड्यांची रजा काढून ये. मला माहेरी निवांत राहून सहा वर्षं झाली.” मी गेले, ती माहेरी राहून आली. पैशांची फेड इतकी वर्षं चालूच होती. तिला काय हवं होतं, ते मात्र पत्रानंतर समजलं.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या 2018 च्या प्रयोगांमध्ये हेच दिसतं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात त्याला वाटतं त्यापेक्षा कमी अवघडायला होतं, आणि आनंद कितीतरी जास्त होतो.

आणखी एक इशारा, आपण स्वतःला पुरोगामी म्हणवतो म्हणून. कृतज्ञता ही स्वतःहून वाटण्याची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून वसूल करण्याची नाही. ‘नोकरी आहे यातच समाधान मान’ असं साहेबानं म्हणणं, किंवा ‘आम्ही तुला घरच्यासारखं वागवतो’ असं म्हणून कामवाल्या बाईंची पगारवाढ टाळणं, ही कृतज्ञतेची शिकवण नव्हे, तोंड बंद करण्याची युक्ती आहे. आणि आपण ज्यांचे आभारी असायला हवं त्यांची यादी घरापाशी संपत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजांत नाममात्र फीमध्ये शिकलो. तो खर्च ज्यांच्या करांतून झाला, त्यांतल्या बहुतेकांची मुलं त्या वर्गात कधी बसली नाहीत. इथे ‘मी स्वतःच्या बळावर आलो’ म्हणण्याआधी हा हिशोबही मांडून बघावा.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. रोज वही भरायची गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरतं. एका प्रयोगात तर आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना जास्त फायदा झाला, कारण रोजच्या गोष्टीची सवय होते. लिहाल ते नेमकं लिहा. ‘कुटुंब’, ‘आरोग्य’ असे मोठे शब्द नकोत. कुणी, कधी, काय केलं ते लिहा. आणि महिन्यातून एक पान त्या माणसाला पाठवा. फॉरवर्ड नको, स्वतःच्या शब्दांत. मग त्याचं उत्तर नीट ऐका. तब्येतीला जो काही फायदा व्हायचा तो होईलच.