मेलेल्या राजाचा खटला

आमच्या वाचनमंडळांत मतभेद नेहमींचेच. भांडण सहसा होत नाहीं. मागच्या बैठकींत मात्र चहा निवून गेला तरी कोणाचें तिकडे लक्ष गेलें नाहीं. निमित्त झालें जोसेफिन टे या लेखिकेच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ या १९५१ सालच्या इंग्रजी कादंबरीचें. सत्य ही काळाची कन्या होय, या जुन्या वचनावरून तें नांव घेतलेलें आहे.

कथानक थोडक्यांत असें. स्कॉटलंड यार्डचा अधिकारी ॲलन ग्रँट हा पाय मोडून रुग्णालयांत पडलेला असतो. विरंगुळा म्हणून त्याच्या हातीं कांहीं चित्रें येतात. त्यांत इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचेंहि चित्र असतें. हा चेहरा खुन्याचा नव्हे, असें त्याला वाटतें. १४८३ सालीं रिचर्डनें पुतण्याला बाजूस सारून गादी घेतली, आणि १२ व ९ वर्षांचे दोघे राजपुत्र लंडनच्या टॉवरमध्यें नाहींसे झाले. काकानेंच त्यांना मारविलें, अशी शेक्सपियरच्या नाटकानें जगाची समजूत करून दिली. ग्रँट एका तरुण संशोधकाकडून जुनीं कागदपत्रें धुंडाळवितो, रिचर्डला निर्दोष ठरवितो आणि त्याच्यामागून राजा झालेल्या सातव्या हेन्रीला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करतो.

आमच्यापैकीं दोघांना पुस्तक मुळींच रुचलें नाहीं. नायक खाटेवरून उठत नाहीं, पाठलाग नाहीं, झटापट नाहीं. शिवाय एडवर्ड आणि रिचर्ड या नांवांचीं इतकीं माणसें कीं वंशावळ उशाशीं घेऊन बसावें लागतें! ही तक्रार खोटी नाहीं.

मी मात्र भारून गेलों होतों. थॉमस मोरचा वृत्तांत पिढ्यांनीं प्रमाण मानला. पण रिचर्ड गादीवर बसला तेव्हां मोर अवघा ५ वर्षांचा होता. ऐकीव गोष्टीला साक्ष कोण म्हणेल? मंडळांतील इतिहासाच्या शिक्षिकाबाईंनीं आपल्याकडचा दाखला दिला. मल्हार रामराव चिटणीसांची बखर संभाजीमहाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिली गेली. महाराजांनीं देहदंड दिलेले बाळाजी आवजी हे बखरकारांचे पूर्वज. तरी त्या बखरीवरून लोकांचीं मतें बनलीं. वा. सी. बेंद्रे यांनीं अस्सल कागद तपासून १९६० सालीं चरित्र प्रसिद्ध केलें, त्यानंतर तें चित्र पालटूं लागलें.

इतका वेळ गप्प बसलेल्या एका वृद्ध वकिलांनीं तेव्हां विचारलें, “टेबाईंची उलटतपासणी कोणीं केली?” हेन्रीनें १४८५ सालीं पार्लमेंटकरवीं रिचर्डवर जो दोषारोप ठेवविला, त्यांत राजपुत्रांच्या खुनाचा उल्लेख नाहीं, यावर कादंबरीची मोठी भिस्त आहे. वकीलसाहेबांनीं टिपण काढलें. नांवें नाहींत हें खरें. पण बालकांचें रक्त सांडल्याचा दोष त्या लेखांत आहे! शिवाय डोमिनिको मँचिनी हा इटालियन त्या उन्हाळ्यांत लंडनमध्यें होता. थोरल्या राजपुत्राचा घात झाला असावा, असा संशय लोकांत तेव्हांच होता, हें त्यानें त्याच वर्षीं लिहून ठेवलें. त्याचा ग्रंथ १९३६ सालींच छापला गेला होता. ग्रँटनें या साक्षीदाराला पुकारलेंच नाहीं.

२०१२ सालीं लेस्टर शहरांत, मोटारी उभ्या करण्याच्या जागेखालीं रिचर्डचा सांगाडा सांपडला. पाठीचा कणा खरोखरच वाकलेला निघाला. नाटकांतल्या वाळक्या हाताची मात्र खूण नव्हती. अर्धी बदनामी खरी, अर्धी खोटी. खून कोणीं केला, हें हाडांनीं सांगितलें नाहीं.

मला माझीच लाज वाटली. रिचर्ड खुनी, हें शाळेंत ऐकलें तें मीं तपासलें नव्हतें. दोन रात्रींत तो निर्दोष ठरला, तेंहि तपासलें नाहीं.

निघतां निघतां मंडळांतील एक आजी म्हणाल्या, “राजाच्या अब्रूसाठीं तुम्ही दोन तास भांडलांत, त्या पोरांचें काय झालें, याची हळहळ कोणाला वाटली का?” कोणीं उत्तर दिलें नाहीं.

हें पुस्तक अवश्य वाचावें. ‘हें तुला कसें कळलें?’ असें साक्षीदाराला विचारण्याची संवय तें लावतें. शेवटचें पान मिटतांना तोच प्रश्न लेखिकेलाहि विचारावा, एवढीच माझी विनंती.