मालिकेवरचा अभिप्राय

१ ऑगस्ट १९७५ रोजी एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभरासाठी दूरचित्रवाणी पोहोचली. रायपूर परिसरातील खेडीही त्यांत होती. गावाला संच एकच. त्यामुळे बरेवाईट मत चारचौघांत, तेथल्या तेथेच उमटे. १९८४ मध्ये 'हम लोग' आली. तिच्या भागाअखेर अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत, आणि प्रेक्षक पत्रांतून आपला राग-लोभ कळवीत.

आता रायपुरातील एखाद्या मराठी घरी आजोबा, सून आणि नातू २०२० साली सुरू झालेली 'पंचायत' तीन भ्रमणध्वनींवर, तीन निरनिराळ्या वेळी पाहतात. सोय झाली खरी! पण जेवताना आजोबांनी त्यातल्या सचिवाविषयी बोलण्यास तोंड उघडले, की नातू ओरडतो, "आजोबा, पुढचं सांगू नका ना!" आजोबांचे मत तयार असते, ऐकणारा अजून तिसऱ्याच भागावर असतो.