गॅस संपत नाही, गळतो

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत बल्क कूलरच्या दुरुस्तीवर झालेलं बोलणं. दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या गटांनी मागितलं म्हणून इथे देत आहोत.)



सुरुवातीलाच सांगते, मी मेकॅनिक नाही. माझं शिक्षण समाजकार्यातलं आहे. तरीही आज बल्क कूलरवर बोलणार आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात एका केंद्रावर माझ्यासमोर एक चूक झाली आणि तिच्यात माझाही वाटा होता.

झालं असं. संध्याकाळचं दूध टाकीत ओतलं, पण काटा काही केल्या खाली येईना. मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "गॅस संपलाय, भरावा लागेल." त्या वर्षात गॅस भरायची ती तिसरी वेळ होती. अध्यक्षताईंनी माझ्याकडे पाहिलं. दूध नासायची भीती होती, म्हणून मीच म्हटलं, "भरून टाका." त्याने खोलीतल्या पाइपचा जोड सैल केला आणि उरलेला गॅस फुस्स करून तिथेच सोडून दिला. दार लोटलेलं होतं. वजन करणाऱ्या ताई खाली बसून कॅन धूत होत्या, त्यांना गरगरायला लागलं. आम्ही त्यांना धरून बाहेर ओट्यावर आणलं. थोड्या वेळाने बरं वाटलं, पण आठ दिवस माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. म्हणून मग मी माहितगारांना विचारत गेले आणि वाचत गेले. जे समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट. कूलरमधला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावलं की गार वाटतं ना? स्पिरिट उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं, म्हणून. कूलरमध्येही तसंच होतं. टाकीच्या तळाशी गॅस दुधातली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून स्लॅबवरच्या जाळीकडे पाठवतो, तिथे पंख्याने उष्णता बाहेर जाते आणि तोच गॅस पुन्हा खाली येतो. हे चक्र बंद पाइपात फिरतं. पाइप धड असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं चालतो. गॅस कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

दुसरी गोष्ट. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. बंद खोलीत सोडला तर खाली साचतो आणि श्वासाची हवा बाजूला सारतो. म्हणून खाली बसलेल्या ताईंना आधी त्रास झाला. त्यात गॅसबत्ती किंवा शेगडी पेटलेली असेल तर आर-२२ सारख्या गॅसपासून विषारी वाफा तयार होतात. द्रवरूप गॅस हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

तर मेकॅनिक आला की काय बघायचं? वहीत लिहून घ्या.

एक. आधी मेन स्विच बंद करायचा आणि "काम चालू आहे" अशी पाटी लावायची. शक्य असेल तर कुलूप घालून चावी मेकॅनिकच्याच खिशात ठेवायची. स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, म्हणून झाकण उघडल्यावर आपण हात घालायचा नाही. स्लॅब ओला असेल, कठडा नसेल, तर काम थांबवा. शिडी धरायला माणूस हवा, आणि लहान मुलं वर नकोत.

दोन. दारं-खिडक्या उघडा. खोलीत काम नसलेल्या सगळ्या बाहेर. चूल, शेगडी, उदबत्ती, विडी, सगळं बंद.

तीन. यंत्रावरची पाटी वाचा. कोणता गॅस आणि किती किलो, ते तिथे लिहिलेलं असतं: आर-२२, आर-४०४ए वगैरे. एकात दुसरा मिसळायचा नाही. "चालतो ताई" म्हटलं तरी नाही म्हणायचं.

चार. उरलेला गॅस हवेत सोडायचा नाही. तो रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलेंडरमध्ये काढून घेतात. तो सिलेंडर गच्च भरायचा नसतो, साधारण ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, आणि स्लॅबवर उन्हात तापत ठेवायचा नाही.

पाच. गळती शोधताना पाइपात कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून भरतात आणि जोडांवर साबणाचा फेस लावतात. बुडबुडा दिसला, तिथे गळती. ऑक्सिजन कधीही भरू द्यायचा नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाला दाबाखालचा ऑक्सिजन लागला की स्फोट होतो. वेल्डिंगच्या गाडीवर दोन्ही सिलेंडर असतात, म्हणून "हा कुठला?" एवढं विचारायला लाजू नका.

सहा. पाइपला डाग देण्याआधी आतला गॅस पूर्ण काढलेला हवा. शेजारी आग विझवायचं यंत्र हवं.

सात. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढायची. ओल राहिली तर तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर जळतो. "पंप कशाला, गॅसनेच हवा काढतो" असं कोणी म्हणालं तर समजा, पुढच्या मोठ्या खर्चाची तयारी चालू आहे.

आठ. नवा गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती भरला ते बिलावर आणि आपल्या वहीत, दोन्हीकडे लिहून घ्यायचं.

आता घरच्या फ्रिजचं. नव्या फ्रिजच्या मागे आर-६००ए लिहिलेलं आणि ज्वाळेचं चिन्ह दिसेल. तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. फरक इतकाच की याला गळती कळावी म्हणून घातलेला वास नसतो. असा फ्रिज घरात, चुलीजवळ उघडू देऊ नका.

हवेत सोडलेल्या गॅसचं पुढे काय होतं, तेही समजून घ्या. आर-२२ ओझोनच्या थराला इजा करतो. त्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात आला. आर-२२ आपल्याकडे २०३० पर्यंत जवळजवळ बंद होणार आहे, म्हणजे तो पुढे महागच होत जाईल. आर-४०४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात जवळपास चार हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. ऊन वाढलं, पाणी आटलं, चारा महागला, हे पाथर्डी-शेवगावच्या बायांना मी काय सांगणार?

आपण स्वतः काय करायचं? पाइप, व्हॉल्व्ह, गेज यांना हात लावायचा नाही. पण सकाळ-संध्याकाळ दुधाचं तापमान वहीत लिहायचं. धारेचं दूध साधारण पस्तीस डिग्रीचं असतं, ते चारपर्यंत यायला हवं. रोजच्यापेक्षा वेळ जास्त लागायला लागला की तीच पहिली खूण. पाइपच्या जोडावर तेलकट डाग दिसला तर तिथे गळती असू शकते. स्लॅबवरच्या जाळीत धूळ आणि कडब्याचा भुसा अडकतो, तो स्विच बंद करून मऊ ब्रशने काढायचा. कधी कधी गॅस पुरेसा असतो, जाळीच चोंदलेली असते.

आणि अपघात झालाच तर? गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत आणा. पण खोलीत कोणी बेशुद्ध पडलं असेल तर धावत आत शिरू नका, आधी दारं-खिडक्या उघडा, १०८ ला फोन करा. कातडी गोठली तर चोळू नका, कोमट पाणी घाला. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

त्या केंद्राचं पुढचं सांगते. दुसरा मेकॅनिक बोलावला, त्याने फेस लावून गळती दाखवली. एक नट नीट बसलेला नव्हता. तीन वेळा गॅसचे पैसे गेले ते एका नटापायी. ते पैसे गटाच्या कर्जाच्या हप्त्यातले होते.

"आपल्याला काय कळतंय त्यातलं," असं त्या दिवशी आम्ही सगळ्याच म्हणालो होतो. बँकेचं पासबुकही एकेकाळी कळत नव्हतं, तायांनो. विचारत विचारतच कळलं. पुढच्या सभेला प्रत्येक केंद्राने आपल्या यंत्रावरच्या पाटीवरचं गॅसचं नाव आणि वजन लिहून आणायचं. आणि कुणाची मुलगी दहावी झाली असेल, तर आयटीआयला रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तेवढं घरी बोला. आपल्या केंद्राची मेकॅनिक आपल्याच गावची असेल, तर मला फार आनंद होईल.