जुन्या वाड्याची भिंत
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत जुन्या वाड्यांची गोष्ट निघाली, तेव्हा एकजण म्हणाल्या, "त्या विटाचुन्याचे काय एवढे कौतुक!" तेव्हा मी गप्प बसले. आज बोलते.

अकोल्याजवळ बाळापूरचा किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो बांधायला घेतला आणि १७५७ साली अचलपूरच्या इस्माईलखान नबाबाने पुरा केला. त्याचे तट-बुरूज भाजक्या विटांचे. खाली मन आणि म्हैस या नद्या, तरी अजून उभा आहे.

आपल्याकडच्या वाड्यांनाही खाली दगडी जोते, वर चपट्या विटा, सांध्यात चुना. माडीचा भार सागवानी खांब-तुळयांवर. भिंत हात-दीड हात जाड, म्हणून वैशाखातही सपरीत बंगईवर डोळा लागतो.

खरे मर्म चुन्यात आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घर थोडेसे हलतेच. चुना नरम, तो हे सोसतो. जोत्यातून चढलेली ओलही त्यातून बाहेर पडून वाळते. सिमेंट तिला आत कोंडते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सासूबाई नको म्हणत असता देवघराच्या भिंतीला मी हट्टाने सिमेंटचा गिलावा करवून घेतला. काय गुळगुळीत दिसे! तिसऱ्या पावसाळ्यात तो फुगला, पांढरे मीठ फुटले. खरवडले तर आतल्या विटेचा बोटाने भुगा होई. सगळे काढून पुन्हा चुन्याचे करावे लागले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

आणि चुना म्हणजे मागासलेपण, असे समजू नका. १६६६ साली लंडन जळाले, तेव्हा पुढच्याच वर्षी कायदा करून नवी घरे विटांची किंवा दगडाची बांधायला लावली. त्या ओळीच्या घरांचे सांधेही चुन्याचेच. आजही तिकडचे जाणकार गवंडी जुन्या भिंतीला सिमेंट लावू देत नाहीत.

वाडा ठेवावा की पाडावा, हे ज्याचे त्याने बघावे. भावाभावांच्या वाटण्यांत आपण काय बोलणार? पण ठेवणार असाल, तर गवंड्याला आधी विचारा, "चुन्याचा गिलावा येतो का?" नाही म्हणाला तर दुसरा शोधा. आणि घाई करू नका. कळी विरवून चुना पंधरा दिवस तरी पाण्याखाली मुरू द्यावा लागतो.