दुखरं कोपर

माझ्यासारख्याला आकाशवाणीवर बोलावलं की श्रोत्यांना वाटतं, आता कविता ऐकाव्या लागणार. आज तसं काही नाही. आज मी माझ्या उजव्या कोपराबद्दल बोलणार आहे. या कोपरानं मला सोळा महिने छळलं. त्या काळात मी जे चुकलो आणि नंतर जे शिकलो, ते दहा जणांच्या कानावर घालावं, एवढाच हेतू.

गोष्ट २०२२ च्या जून महिन्यातली. मी एका तालुक्याच्या गावी वाचनालयात नोकरीला आहे. पहिल्याच पावसात कादंबरी विभागावरचं छप्पर गळायला लागलं आणि आम्ही दोघातिघांनी तीन दिवसांत सगळी कपाटं रिकामी केली. पुस्तक कपाटातून आपण कसं काढतो, हे कधी पाहिलंय? तळवा जमिनीकडे, बोटांचा चिमटा आणि हात पुढे लांब केलेला. एकावेळी चार-चार जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या मी अशा उचलत होतो. अंगात जोर होता असं नाही, पुस्तकं भिजतील याची भीती होती.

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलायला गेलो आणि कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटापर्यंत अशी कळ गेली की चहा बशीत आणि बशी लुंगीवर. त्यानंतर एकेक साधी गोष्ट हातातून जायला लागली. कुलपात किल्ली फिरेना. बरणीचं झाकण उघडेना. कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला की मी आदाब करून सुटका करून घ्यायचो. नमाजात सजद्यातून उठताना हातावर भार आला की डोळ्यांपुढे काजवे. एक गंमत मात्र लक्षात आली. दुआ मागताना हात अजिबात दुखत नसे. माझी अम्मी म्हणाली, अल्लाची मेहरबानी. खरं कारण मला पुढे सहा महिन्यांनी समजलं, ते सांगतोच.

डॉक्टरांनी हात टेबलावर ठेवायला सांगितला, मधलं बोट वर करायला लावलं आणि वरून ते दाबलं. मी ओरडलो. "टेनिस एल्बो," ते म्हणाले. एक्स-रेमध्ये काही नव्हतं. यात बहुधा नसतंच, कारण दुखणं हाडाचं नसतं. वाचनालयात ही बातमी पसरली तेव्हा वर्तमानपत्र वाचायला येणारी मंडळी फारच खूश झाली. २००४ साली सचिन तेंडुलकरला हेच झालं होतं. तो हॉलंडमधली स्पर्धा आणि पाठोपाठ चॅम्पियन्स करंडक खेळू शकला नव्हता, ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या कसोटीत परतला आणि मे २००५ मध्ये लंडनला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. हे सगळं त्यांना तारखांसकट पाठ. "सचिनचा आजार झालाय आमच्या शायराला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. मी आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही.

नंतर कळलं की या दुखण्यावर खरा हक्क आमचाच आहे. वैद्यकाच्या इतिहासात याची पहिली नोंद १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरनं केली आणि ती लिहिणाऱ्यांच्या हाताच्या दुखण्याबद्दल होती. टेनिसचं नाव त्याला चिकटलं ते नऊ-दहा वर्षांनी, इंग्लंडमध्ये त्या खेळाची हवा आली तेव्हा. खेळाडूंचं नाव झालं, कारकुनांचं राहून गेलं.

उपाय सांगणाऱ्यांची तर रांग लागली. एकानं तीळतेल, एकानं एरंडाचं पान, एकानं विटेचा शेक. एका हाडवैद्यानं कोपर असं चोळलं की दोन दिवस ताप आला. मी सगळं केलं, कारण नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. शेवटी ऑगस्टमध्ये एका दवाखान्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. खोटं कशाला सांगू, जादूच झाली. चार दिवसांत दुखणं गायब. मी पुन्हा गठ्ठे उचलायला लागलो. सहा आठवडे मजेत गेले आणि सातव्या आठवड्यात ते परत आलं, आधीपेक्षा जोरात. ऑक्टोबरमध्ये दुसरं इंजेक्शन. या वेळचा आराम महिनाभरच टिकला. मला थोडी साखर आहे. दोन्ही वेळा इंजेक्शननंतर काही दिवस ती चढली आणि तसं होऊ शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणत, विश्रांती द्या. वाचनालयातून सुट्टी मिळाली असती. पण घरून कशी मिळणार? माझी अम्मी ऐंशीच्या पुढची. अर्धांगानं तिची डावी बाजू गेलेली. तिला खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून न्हाणीत, दिवसातून सात-आठ वेळा उचलावं लागतं. बायकोच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, मुलगी सासरी. तेव्हा उचलणारा मी एकटाच.

डिसेंबरमधल्या एका पहाटे मी तिला काखेत हात घालून उठवत होतो आणि माझी पकड सुटली. एकदम, काही कळायच्या आत. ती खाटेच्या कडेवर आपटली आणि तिथून हळूहळू खाली घसरली. लागलं नाही फारसं. खांद्याला खरचटलं तेवढंच. ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दोन-तीन दिवसांनी बायकोनं सांगितलं की अम्मीचा पाण्याचा तांब्या भरलेलाच राहतो. मी जाऊन विचारलं, "अम्मी, पानी क्यूं नहीं पीती?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "प्यास नहीं लगती रे." मग थोड्या वेळानं, "तेरा हात दुखता."

पाणी प्यायलं की न्हाणीत जावं लागतं. न्हाणीत जायचं म्हणजे मला उचलावं लागतं. म्हणून तिनं पाणी सोडलं होतं.

त्या दिवशी मी तिसऱ्या इंजेक्शनचा विचार सोडला आणि एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. तिनं माझा हात तपासण्याआधी एक स्टूल पुढे ठेवलं आणि म्हणाली, "काका, हे उचला." मी तळवा खाली करून उचललं, कळ आली. "आता तळवा वर करून उचला." उचललं. दुखलं नाही. मी स्टूल धरून तसाच उभा राहिलो. दुआचं रहस्य ते हेच.

तिनं जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. मनगट मागे वाकवणारा एक स्नायू असतो. त्याची दोरी कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेली असते. आपण मूठ आवळतो तेव्हा मनगट पुढे मोडून पडू नये म्हणून हा स्नायू त्याला मागून धरून ठेवतो. म्हणून कप उचलताना, किल्ली फिरवताना, पेन धरतानाही ताण त्या दोरीवर येतो. तळवा वर केला की उचलण्याचं काम दंडाच्या आणि हाताच्या पुढच्या स्नायूंकडे जातं आणि ती दोरी सुटते. दुसरी गोष्ट, ही नुसती सूज नव्हे. अमेरिकेत १९७९ साली शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सुजेपेक्षा दोरीचे झिजलेले, विस्कटलेले धागेच दिसले. सूज मारणारं औषध झिजलेली दोरी कशी सांधणार? ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर ८३ टक्के बरे होते. साध्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के! दुखणं उलटलं ते पहिल्या गटात निम्म्याहून अधिक जणांचं, दुसऱ्यात शंभरातल्या बारा जणांचं. माझा अनुभव अगदी त्या पहिल्या गटातला. रक्तातल्या प्लेटलेट काढून कोपरात टोचण्याचा महागडा उपचारही मला सुचवण्यात आला होता. त्याबद्दल झालेल्या अभ्यासांचा मोठा आढावा २०२१ साली घेतला गेला, तेव्हा त्यातून फारसा फायदा दिसला नाही. माझे पैसे वाचले.

"मग विश्रांती?" मी विचारलं. ती म्हणाली, "पूर्ण विश्रांती दिली तर दोरी आणखी कमजोर होईल. तिला थोडं थोडं काम द्यायचं. दुखणं दहापैकी तीन-चार गुणांपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नको. वाढलं तर काल जास्त झालं असं समजायचं."

व्यायाम अगदी क्षुल्लक दिसणारे. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट सरळ. दुसऱ्या हातानं पंज्याच्या पाठीवर दाब द्यायचा आणि खालच्या हातानं तो अडवून धरायचा. हलायचं नाही. पाऊण मिनिट. असं पाच वेळा. घड्याळाकडे बघत बसणं मला जमेना. अम्मी खाटेवर पडल्या पडल्या बघत होती. तिनं उजव्या हातात तसबीह घेतली आणि म्हणाली, "मैं गिनती हूं." तेहेतीस मण्यांचा एक फेरा, सावकाश म्हटला तर बरोबर चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा होतो. त्या दिवसापासून तेच आमचं घड्याळ. एखाद दिवशी मी दोन फेऱ्यांनंतर हात सोडला तर ती पुढचा फेरा सुरू करून माझ्याकडे बघत राहायची.

महिन्याभरानं अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आली. ती धरून मनगट दुसऱ्या हाताच्या मदतीनं वर आणायचं आणि एकट्यानं हळूहळू खाली सोडायचं. फायदा असतो तो खाली सोडण्यात. मग टॉवेलची गुंडाळी पिळायची. या व्यायामासाठी रबराचा दांडा मिळतो, पण मी जुन्या सोलापुरी टॉवेलवर भागवलं. कोपराच्या हाडाखाली दोन बोटं सोडून बांधायचा एक पट्टा वाचनालयात वापरायचो. त्यानं रोग जात नाही, काम निभावतं. झोपताना काढून ठेवायचा.

पण सगळ्यात मोलाचं वेगळंच होतं. ती मुलगी एका रविवारी आमच्या घरी आली आणि अम्मीला कसं उचलायचं ते तिनं शिकवलं. काखेत बोटं रुतवून ओढायचं नाही. अम्मीच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, तिचे पाय जमिनीवर नीट टेकवायचे, आपली कोपरं अंगाला चिकटवायची, तळवे वर ठेवून पट्ट्याखालून धरायचं आणि गुडघ्यांतून उठायचं. अम्मीनंही पुढे झुकून आपल्या चांगल्या पायावर जोर द्यायचा. खाटेवर सरकवायचं तर तिच्याखाली दुहेरी चादर घालून चादरच ओढायची, माणूस नाही. इतकं सोपं असताना दवाखान्यातून घरी सोडताना हे आम्हाला कुणी का सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर हे आधीच शिकून घ्या. कोपर गेल्यावर नको.

बरं व्हायला सोपा रस्ता नव्हता. मार्चमध्ये सुधारलं, एप्रिलमध्ये ईदच्या खरेदीच्या पिशव्यांनी बिघडलं, पुन्हा पाण्याच्या बाटलीवरून टेबलावर आलो. हे दुखणं बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात बरं होतं, शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, असं ती सांगायची आणि मी मनात म्हणायचो, मी त्या थोड्यांतला निघालो तर? हातातल्या बोटांना मुंग्या येत असतील, मान दुखत असेल किंवा कोपर सुजून आखडलं असेल, तर मात्र टेनिस एल्बो म्हणून घरीच बसू नका. ते दुसरं काही असू शकतं.

लिहिण्याचं म्हणाल, तर मी जाड पेन घेतलं, सैल धरायला शिकलो आणि दर दहा मिनिटांनी थांबायला लागलो. त्या काळातल्या कविता आठ-दहा ओळींच्या वर गेल्या नाहीत. एका परीक्षणात माझ्या शैलीत आलेल्या संयमाचं कौतुक झालं. मी आभाराचं पत्र लिहिलं, तेही चार ओळींचंच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी किटलीतून चहा ओतला आणि कप बायकोच्या हातात दिल्यावर लक्षात आलं की दुखलं नाही. अजूनही ओली चादर पिळली की कोपर कुरकुरतं. आठवड्यातून तीन दिवस टॉवेल आणि बाटली चालूच आहे. वाचनालयात पुस्तकं आता दोन्ही हातांनी, खालून धरून काढतो. नव्या मुलांना ते विचित्र वाटतं.

अम्मीच्या उशाशी आता दोन तांबे असतात. रात्री दीड-दोनला हाक येते, "उठ रे, लेके चल." मी उठतो, पट्टा शोधतो. अंधारात तो नेमका खाटेखाली गेलेला असतो.